नदीकाठच्या शहरांतच गुन्हेगारी इतकी का रुजली? अमेरिकेच्या मिडवेस्टचा इतिहास

प्रश्न: प्रवाहवाचक

अमेरिकेतील संघटित गुन्हेगारीचा विषय निघाला की चर्चा शिकागो आणि न्यूयॉर्क या दोन शहरांभोवतीच फिरत राहते. मी सध्या मिडवेस्टमधल्या, म्हणजे मध्यपश्चिम भागातल्या, नदीकाठच्या लहान-मध्यम शहरांचा इतिहास वाचतो आहे आणि या शहरांनी मला खिळवून ठेवले आहे. मिसिसिपीच्या काठी सेंट पॉल, डॅव्हनपोर्ट, रॉक आयलंड आणि ईस्ट सेंट लुइस, इलिनॉय नदीवर पिओरिया, मिसूरीवर ओमाहा आणि ओहायो नदीवर सिनसिनाटीच्या समोर वसलेले न्यूपोर्ट. न्यूपोर्ट कागदोपत्री केंटकीत येते, पण त्याचे गिऱ्हाईक नदीच्या उत्तरेकडून येत असे, म्हणून मी ते याच यादीत धरतो.

या सगळ्या शहरांत जुगाराचे अड्डे, कुंटणखाने आणि चोरटी दारू यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याचे जे स्पष्टीकरण सर्रास वाचायला मिळते ते असे की बोटींवरचे खलाशी, लाकडाचे तराफे वाहून नेणारे मजूर आणि काठावरच्या छावण्यांतील सैनिक यांच्या हातात रोख पगार असे, त्यांच्या मागे घरदार नसे आणि धक्क्यावर उतरल्यावर त्यांना करमणूक हवी असे. हे कारण मला अपुरे वाटते. आगगाड्या आल्यानंतर वाफेच्या बोटींची प्रवासी वाहतूक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ओसरू लागली होती, आणि या शहरांचा बदलौकिक मात्र साधारणपणे १९०० ते १९६० या काळात कळसाला पोहोचला. गिऱ्हाईक आटल्यावरही दुकान का चालले, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की ही शहरे काही ओसाड वस्त्या नव्हत्या. तेथे चर्च, शाळा, कारखाने, वृत्तपत्रे असे सर्व काही होते, मग तेथील सभ्य माणसांनी हे इतकी वर्षे कसे चालू दिले? आणि अखेर ते बंद पडले ते वॉशिंग्टनच्या दट्ट्याने की गावकऱ्यांच्या निर्धाराने? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: सीमारेषा

तुमची शंका रास्त आहे. नदीचे महत्त्व वाहतुकीपेक्षा सरहद्दीत अधिक आहे. तुम्ही दिलेल्या यादीतील पिओरिया सोडले तर जवळजवळ प्रत्येक शहरासमोर, पाण्यापलीकडे किंवा थोड्याच अंतरावर, दुसरे राज्य आहे. अमेरिकेत फौजदारी कायदा, दारूचे परवाने आणि पोलीस यंत्रणा हे सर्व प्रामुख्याने राज्यांच्या आणि काउंट्यांच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांच्या, हातात असते. एका काठावर जो गुन्हा आहे तो दुसऱ्या काठावर गुन्हा असेलच असे नाही, आणि असला तरी त्याची दखल घेणारा शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून आलेला पोलीस अधिकारी, वेगळा असतो.

ही गोष्ट फार जुनी आहे. सेंट लुइससमोर मिसिसिपीच्या पात्रात एक वाळूचे बेट तयार झाले होते, ज्यावर मिसूरी आणि इलिनॉय यांपैकी कोणाचा अंमल चालतो हे धड ठरलेले नव्हते. त्यामुळे द्वंद्वयुद्धे खेळायला लोक तेथे जात, आणि त्या बेटाला ‘ब्लडी आयलंड’ असे नावच पडले. पुढे सिनेटर झालेल्या थॉमस हार्ट बेंटन याने १८१७ मध्ये चार्ल्स लुकास या वकिलाला याच बेटावर गोळी घालून ठार केले. पुढे १८३०च्या दशकाच्या अखेरीस लष्करातील तरुण अभियंता रॉबर्ट ई. ली याने बांध घालून प्रवाह वळवला आणि ते बेट कालांतराने इलिनॉयच्या काठाला चिकटले.

पात्रात रेषा नेमकी कुठे आहे यावर खटलेही झाले. आयोवा आणि इलिनॉय यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९३ मध्ये न्यायालयाने ठरवले की सरहद्द ही मुख्य नौकानयन प्रवाहाच्या मध्यातून जाते. तो वाद प्रत्यक्षात पुलांवरच्या करांचा होता, पण निकालाने हद्दीचा प्रश्न सुटला. ओहायो नदीचे प्रकरण याहून वेगळे आहे. तेथे १७९२ साली उत्तर काठावर जेथपर्यंत कमीत कमी पाणी असे ती रेषा केंटकीची हद्द मानली जाते, म्हणजे जवळजवळ सगळी नदीच केंटकीची. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

आता या रेषेचा धंद्याशी संबंध पाहा. आयोवाने १८८४ मध्ये राज्यभर दारूबंदी लागू केली. डॅव्हनपोर्ट हे स्कॉट काउंटीतले शहर, जर्मन वस्ती मोठी, बिअर हा तेथे कुटुंबाच्या जेवणाचा भाग. तेथील लोकांनी हा कायदा जुमानला नाही, इतका की त्या काउंटीला लोक ‘स्टेट ऑफ स्कॉट’, म्हणजे जणू स्वतंत्र राज्य, म्हणू लागले. अखेर १८९४ मध्ये आयोवाने असा कायदा केला की दारूबंदी कागदावर राहील, पण गुत्तेवाल्याने वर्षाला ठरावीक रक्कम भरली आणि स्थानिक रहिवाशांची संमती मिळवली तर त्याच्यावर खटला होणार नाही. पुलापलीकडे इलिनॉयमधले रॉक आयलंड होतेच. एका काठावर नियम घट्ट झाला की माणसे आणि पैसा दुसऱ्या काठावर जात, आणि तिकडे छापे सुरू झाले की परत येत. आगगाड्या आणि पूल यांनी ही ये-जा उलट सोपी केली, म्हणून बोटी ओसरल्या तरी धंदा ओसरला नाही. सिनसिनाटीच्या व्यापाऱ्याला न्यूपोर्टला जायला बोट लागत नव्हती. तो पूल ओलांडून काही मिनिटांत पोहोचत असे, आणि रात्री परत आपल्या शिस्तीच्या शहरात झोपायला येत असे.

माझ्या मते या शहरांना ‘पापनगरी’ म्हणणाऱ्यांनी समोरच्या काठावरच्या शहराचे नावही त्याच वाक्यात घ्यायला हवे.

उत्तर: जमाखर्च

‘सीमारेषा’ यांनी जे लिहिले ते खरे आहे, पण सरहद्दीने फक्त संधी दिली. पिओरियाला राज्याची सरहद्द नव्हती, तरी तेथे हेच घडले. मूळ कारण नगरपालिकेच्या तिजोरीत आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते असे मला ठामपणे वाटते.

सेंट पॉलचे उदाहरण घ्या. तेथे १८६५ ते १८८३ या काळात एक ठरलेली पद्धत होती. दर महिन्याला कुंटणखान्यांच्या मालकिणींना पोलीस न्यायालयात हजर करत, त्यांच्यावर गुन्हा दाखल होई, त्या दंड भरत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन धंदा पुन्हा सुरू करत. पुढच्या महिन्यात तीच माणसे, तेच न्यायालय. कायद्याच्या पुस्तकात ही शिक्षा होती, पण व्यवहारात ते परवाना शुल्क होते. ओमाहामध्ये तर नेब्रास्काच्या राज्यघटनेनुसार दंड आणि परवान्यांची रक्कम सार्वजनिक शाळांना मिळत असे. ज्या शहरात शिक्षकांचा पगार अंशतः गुत्त्यांच्या परवान्यांतून आणि कुंटणखान्यांच्या दंडातून निघतो, तेथे ‘हे सगळे उद्या बंद करा’ असे म्हणणाऱ्या नगरसेवकाला लगेच विचारले जाते की शाळांचे काय करायचे.

ईस्ट सेंट लुइसची कथा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ते मोठे औद्योगिक केंद्र होते, कत्तलखाने आणि कारखाने यांनी वेढलेले होते, पण ‘वेढलेले’ हा शब्द तेथे शब्दशः घ्यावा लागतो. जनावरांचा प्रचंड बाजार आणि मांस उद्योग शहराच्या हद्दीबाहेर राहिला आणि १९०७ मध्ये त्याने ‘नॅशनल सिटी’ नावाचे स्वतःचे स्वतंत्र गावच नोंदवून घेतले, जेणेकरून कर ईस्ट सेंट लुइसला भरावा लागू नये. मॉन्सँटो कंपनीच्या कारखान्याभोवती १९२६ मध्ये असेच गाव निघाले. धूर आणि सांडपाणी शहराच्या वाट्याला आले आणि कराची रक्कम हद्दीबाहेर गेली. मग नगरपालिकेने पैसा आणायचा कोठून? दारूच्या गुत्त्यांच्या परवान्यांतून. ज्या नगरपालिकेचे पोट गुत्त्यांवर भरते ती गुत्तेवाल्याच्या मागच्या खोलीत काय चालते हे विचारत नाही. जुलै १९१७ मध्ये तेथे कृष्णवर्णीयांचे जे हत्याकांड झाले, ज्यात अधिकृत आकड्यानुसार ३९ कृष्णवर्णीय आणि ९ गोरे मारले गेले, त्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीने शहरातील राजकारणी, पोलीस आणि अड्डेवाले यांचे साटेलोटे उघड केले होते. वंशद्वेष हे त्या हिंसेचे मूळ आहेच, परंतु ज्या पोलीस दलाने आधीच स्वतःला विकले होते, त्याच्याकडून संरक्षणाची अपेक्षा करता आली नाही.

पिओरियात मक्याचे पीक, कोळसा, उत्तम झरे आणि नदी यांमुळे दारूच्या भट्ट्या वाढल्या; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिस्की ट्रस्ट’ या मक्तेदार संघाचा कारभार तेथून चाले. एडवर्ड वुड्रफ हा गृहस्थ १९०३ ते १९४५ या काळात मध्ये मध्ये खंड पडत एकूण २४ वर्षे तेथे महापौर होता, आणि शहर ‘उघडे’ ठेवणे, म्हणजे जुगार आणि कुंटणखाने चालू देणे, हे त्याचे जाहीर धोरण होते. तो गुपचूप हप्ते खाणारा कोणी भामटा नव्हता. लोक त्याला हे धोरण माहीत असताना निवडून देत होते. सभ्य माणसांनी हे चालू कसे दिले, असे तुम्ही विचारता. त्यांनी त्याला मत दिले, कारण त्यांचा घरपट्टीचा बोजा हलका राहत होता.

एवढ्या उघडपणे न करणाऱ्यांचीही पद्धत होती. सेंट पॉलचा पोलीसप्रमुख जॉन ओ’कॉनर १९०० पासून १९२० पर्यंत, मधली दोनेक वर्षे वगळता, त्या पदावर होता. त्याने बाहेरच्या गुन्हेगारांशी अलिखित करार केला होता: शहरात आल्यावर वर्दी द्यायची, ठरलेली रक्कम पोचवायची आणि शहराच्या हद्दीत गुन्हा करायचा नाही, तेवढे पाळले की तेथे निर्धास्त राहायचे. पुढे वर्दी घेण्याचे आणि रकमा वाटण्याचे काम वॉबाशा रस्त्यावरच्या ‘ग्रीन लँटर्न’ या गुत्त्याचा मालक डॅन होगन याच्याकडे होते. जगातले चोर दरोडे शेजारच्या मिनियापोलिसमध्ये आणि आयोवात घालत आणि विश्रांतीला सेंट पॉलमध्ये येत.

प्रवाहवाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ईस्ट सेंट लुइसचा मुद्दा माझ्या वाचनात या दृष्टीने आला नव्हता. मात्र यातून एक नवा प्रश्न निघतो. ओ’कॉनरच्या काळात सेंट पॉलच्या रस्त्यांवर बायकांना रात्री निर्भयपणे फिरता येत होते, किरकोळ चोऱ्या होत नव्हत्या, अशा आठवणी अनेक ठिकाणी वाचायला मिळतात. न्यूपोर्टबद्दलही जुनी माणसे हळहळून बोलतात, असे दिसते. म्हणजे नगरपालिकेला पैसा, नागरिकांना शांतता आणि गिऱ्हाइकाला करमणूक असा हा व्यवहार सर्वांच्या फायद्याचा होता, असा युक्तिवाद होऊ शकतो. याला उत्तर काय?

उत्तर: कात्रणसंग्रह

या युक्तिवादाला माझा कडाडून विरोध आहे आणि तो नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट, ही शांतता किती दिवस टिकली ते पाहा. डॅन होगन ४ डिसेंबर १९२८ रोजी आपल्या घरामागे मोटार सुरू करायला बसला आणि मोटारीत लावलेल्या स्फोटकाने उडाला. खून करणारे कधीच सापडले नाहीत. त्याच्यानंतर हॅरी सॉयर याच्याकडे सूत्रे गेली आणि देशव्यापी दारूबंदीच्या (१९२० ते १९३३) काळातला पैसा आटू लागल्यावर ‘शहरात गुन्हा करायचा नाही’ हे कलम कोणीच पाळेना. १५ जून १९३३ रोजी बार्कर-कार्पिस टोळीने हॅम मद्यनिर्माण कंपनीचा प्रमुख विल्यम हॅम याला दिवसाढवळ्या पळवले आणि १,००,००० डॉलर खंडणी घेतली. १७ जानेवारी १९३४ रोजी एडवर्ड ब्रेमर या बँकेच्या अध्यक्षाला पळवले आणि त्याच्यासाठी २,००,००० डॉलर घेतले. हे दोघेही शहरातल्या त्याच प्रतिष्ठित वर्गातले होते, ज्याने या व्यवस्थेकडे इतकी वर्षे डोळेझाक केली होती. हॅमच्या प्रकरणात खंडणीच्या चिठ्ठ्यांवर भुकटी टाकून ठसे उमटत नव्हते, तेव्हा एफबीआयच्या प्रयोगशाळेने सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरून कागदात मुरलेल्या घामातील क्षारांवरून बोटांचे ठसे वर आणले, आणि तेथून माग बार्कर-कार्पिस टोळीपर्यंत गेला. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आली ती ही की शहराचा माजी पोलीसप्रमुख टॉम ब्राउन हा टोळीला पोलिसांच्या हालचाली कळवत होता. अपहरणाच्या तपासात असलेला माणूसच अपहरणकर्त्यांचा होता. १९३५ मध्ये पोलीस मुख्यालयातील दूरध्वनींवर गुप्तपणे पाळत ठेवली गेली आणि अड्डेवाले व पोलीस यांच्यातले संभाषण नोंदवले गेले, तेव्हा कुठे दलाची झाडाझडती झाली.

दुसरे उदाहरण रॉक आयलंडचे. तेथला जॉन लूनी हा वकील होता आणि ‘रॉक आयलंड न्यूज’ नावाचे वृत्तपत्र चालवत होता. हे वृत्तपत्र म्हणजे त्याचे खंडणीचे हत्यार होते. एखाद्या प्रतिष्ठिताची भानगड तो आधी लिहून काढी, आणि ती छापायची नसेल तर पैसे आणा असा निरोप पाठवी. जो देणार नाही त्याची बदनामी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर विकली जाई. मार्च १९१२ मध्ये महापौर हॅरी श्रायव्हर याच्यावर त्याने असाच गलिच्छ मजकूर छापला, तेव्हा महापौराने त्याला पोलीस ठाण्यात आणवून स्वतः मारहाण केली. त्यानंतर चौकात जमाव जमला, गोळीबार झाला, दोन माणसे मेली आणि राज्याला सैन्य पाठवावे लागले. काही वर्षांनी श्रायव्हर पुन्हा महापौर झाला तो लूनीशी हातमिळवणी करून, आणि पुढे संरक्षणाच्या कटात तो स्वतःच दोषी ठरला. १९२२ मध्ये विल्यम गेबल नावाच्या गुत्तेवाल्याने लूनीला दिलेल्या पैशांचे पुरावे संघीय अधिकाऱ्यांना दाखवले आणि थोड्याच दिवसांत त्याचा खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लूनीचा मुलगा कॉनर भर बाजारात मारला गेला. लूनी पळाला, न्यू मेक्सिकोत सापडला आणि १९२५ मध्ये गेबलच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली. याला कोणी ‘सर्वांच्या फायद्याचा व्यवहार’ म्हणावे असे मला वाटत नाही.

तिसरी गोष्ट, जी या आठवणींत कधीच नसते, ती म्हणजे कुंटणखान्यांतल्या स्त्रियांची बाजू. ‘जमाखर्च’ यांनी मासिक दंडाची पद्धत सांगितली. तो दंड मालकीण भरत असे, पण तिच्याकडे राहणाऱ्या मुलींच्या कमाईतून. खोलीभाडे, जेवण, कपडे आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्चही मुलींच्या नावे चढत असे, आणि हा हिशेब कधी फिटत नसे. सेंट लुइस शहराने १८७० मध्ये तर कायदाच केला की वेश्यांची नोंदणी करायची आणि त्यांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी करायची. त्यासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले. तपासणी फक्त स्त्रियांची होत असे. पुरुष ग्राहकाची कोणीच करत नव्हते. धर्मोपदेशक आणि स्त्रियांच्या संघटनांनी मोठा विरोध केल्यावर १८७४ मध्ये हा कायदा रद्द झाला. डॅव्हनपोर्टने १८९३ पासून अशाच प्रकारचे नियंत्रण आणले. मालकिणींपैकी काही अतिशय श्रीमंत झाल्या, हे खरे आहे. ओमाहाची ॲना विल्सन १९११ मध्ये वारली तेव्हा तिने बरीच संपत्ती दानधर्मासाठी ठेवली, आणि शहराने तिच्या इमारतीत रुग्णालयही चालवले. सेंट पॉलची नीना क्लिफर्ड पोलीस मुख्यालयापासून काही पावलांवर आपला धंदा चालवत होती. लोकांना या दोन-तीन नावांची गोष्ट सांगायला आवडते, कारण ती रंगतदार आहे. ज्यांची नावे फक्त न्यायालयाच्या दंड-नोंदवहीत उरली, आणि तीही बहुधा टोपणनावे, त्यांच्याविषयी लिहायला कोणाला सवड झाली नाही.

म्हणून १९०९ चा आयोवाचा कायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने वेश्येला शिक्षा करण्याऐवजी इमारतीच्या मालकावर हात टाकला. कोणताही नागरिक दिवाणी न्यायालयात जाऊन मनाई हुकूम मागू शकत होता, आणि धंदा सिद्ध झाला तर सामानाचा लिलाव करून इमारत वर्षभर बंद ठेवता येत असे. भाडे खाणारा सभ्य घरमालक प्रथमच कायद्याच्या तावडीत आला. इतर राज्यांनी हा नमुना भराभर उचलला. डॅव्हनपोर्टची नियंत्रित व्यवस्था यानंतर फार काळ तग धरू शकली नाही.

उत्तर: ओहायोकाठ

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हे कोणी संपवले याकडे, अजून कोणी वळलेले दिसत नाही. न्यूपोर्टपुरते उत्तर मी देतो, कारण त्या शहराच्या इतिहासात दोन्ही बाजू इतक्या स्पष्ट दिसतात की दुसरे उदाहरण शोधायची गरज पडत नाही.

न्यूपोर्टमध्ये १८०३ पासून सैन्याची छावणी होती आणि धंद्याची सुरुवात तेथूनच झाली. दारूबंदीच्या काळात सिनसिनाटीचा वकील जॉर्ज रेमस याने औषधी दारूच्या परवान्यांतील पळवाट वापरून प्रचंड साठा बाजारात आणला आणि त्यात न्यूपोर्टमधली अनेक माणसे तयार झाली. त्यांपैकी पीटर श्मिट याने शेजारच्या साउथगेटमध्ये ‘बेव्हर्ली हिल्स’ हा दिमाखदार क्लब काढला. मो डॅलिट्झ आणि त्याच्या साथीदारांच्या ‘क्लीव्हलंड सिंडिकेट’ या गुन्हेगारी टोळीला तो क्लब हवा होता. श्मिटने नकार दिला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये क्लबला आग लागली, जीत रखवालदाराची लहान पुतणी जळून मेली. श्मिटने तो पुन्हा बांधला, पण काही वर्षांत त्याला विकावाच लागला. पुढची वीस वर्षे तेथे देशातले नामांकित गायक येत होते, गालिचे जाड होते, जेवण उत्तम होते, आणि मागच्या दालनात चाकावरचा जुगार चालू होता.

संघीय सरकारचे प्रयत्न कमी नव्हते. सिनेटर एस्टेस केफॉव्हर याच्या समितीने १९५० आणि १९५१ मध्ये देशभर सुनावण्या घेतल्या, आणि १९५१ मध्येच काँग्रेसने पैजा घेणाऱ्यांवर दरवर्षी ५० डॉलरचा परवाना कर आणि उलाढालीवर १० टक्के कर बसवला. हा कर भरणे म्हणजे स्थानिक पोलिसांपुढे गुन्ह्याची कबुली देणे, आणि न भरणे म्हणजे संघीय गुन्हा. पेच चांगला होता, पण स्थानिक पोलीसच सामील असतील तर कबुलीची भीती कोणाला? न्यूपोर्टचे अड्डे चालूच राहिले. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वतः पुरावे गोळा केले, पण स्थानिक यंत्रणेपुढे त्यांचे फारसे काही चालले नाही.

मग १९६१ मध्ये नागरिकांनी ‘पाचशेंची समिती’ स्थापन केली आणि कँबेल काउंटीच्या शेरीफपदासाठी जॉर्ज रॅटरमन याला उभे केले. रॅटरमन क्लीव्हलंड ब्राउन्सचा माजी फुटबॉलपटू होता आणि त्याची कीर्ती स्वच्छ होती. ९ मे १९६१ च्या पहाटे पोलिसांनी न्यूपोर्टच्या ग्लेन हॉटेलमधील एका खोलीवर छापा घातला आणि रॅटरमनला एका नर्तकीबरोबर पलंगावर ‘पकडले’. लोकांना वाटले, संपला हा माणूस. परंतु त्याच्या रक्ताची तपासणी झाली आणि त्यात क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध सापडले. आदल्या संध्याकाळी सिनसिनाटीत त्याच्या पेयात ते मिसळले गेले होते. सुनावणीत एका छायाचित्रकाराने साक्ष दिली की पलंगावरच्या जोडप्याचे छायाचित्र काढायला तयार राहशील का, अशी विचारणा त्याला आधीच झाली होती. खटला कोसळला. रॅटरमन नोव्हेंबरमध्ये बहुमताने शेरीफ झाला, आणि वर्ष संपता संपता बेव्हर्ली हिल्सचा जुगार बंद पडला. कटातील वकील चार्ल्स लेस्टर याला १९६३ मध्ये संघीय न्यायालयाने दोषी ठरवले, आणि आरोप होता तो नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा.

१९६१ मध्येच १३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जे कायदे मंजूर केले त्यांत राज्यांच्या सीमा ओलांडून जुगाराचा धंदा करणे, तारेवरून पैजांची माहिती पाठवणे हे संघीय गुन्हे ठरले. ‘सीमारेषा’ यांनी जी रेषा सांगितली तिचा आसरा त्या दिवशी गेला. तरी मला वाटते की न्यूपोर्टमध्ये निर्णायक ठरले ते मतदान. रॉबर्ट केनेडी यांच्या न्याय खात्याने माणसे आणि पैसा दिला, पण शेरीफ निवडून आणायचे काम वॉशिंग्टनला करता येत नव्हते.

उत्तर: जमाखर्च

‘ओहायोकाठ’ यांच्या म्हणण्याला पिओरियातून थोडी पुरवणी. तेथे १९४५ मध्ये वुड्रफचा पराभव झाला आणि नव्या महापौराने शहर बंद करायला घेतले, पण काउंटीच्या हद्दीत शेल्टन बंधूंचे साम्राज्य चालू होते. हे बंधू १९२० च्या दशकात दक्षिण इलिनॉयमध्ये चार्ली बर्गरच्या टोळीशी लढले होते. १९२६ मध्ये त्यांच्या बाजूने बर्गरच्या अड्ड्यावर विमानातून बाँब टाकले गेले होते. कार्ल शेल्टन १९४७ मध्ये आपल्या शेताजवळ मारला गेला आणि बर्नी शेल्टन २६ जुलै १९४८ रोजी पिओरियातील आपल्या गुत्त्याबाहेर. बर्नीच्या खुनानंतर सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅचचा बातमीदार थिओडोर लिंक याने राज्याच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचणाऱ्या लाचेचा माग काढला. पिओरियाच्या ज्यूरीने उलट लिंकवरच आरोपपत्र ठेवले, जे नंतर मागे घ्यावे लागले. त्या नोव्हेंबरात गव्हर्नर ड्वाइट ग्रीन पडला आणि ॲडलाय स्टीव्हन्सन निवडून आला, त्यात या बातम्यांचा मोठा वाटा होता. येथे तर संघीय अधिकारी दूरच राहिले. काम केले ते एका वृत्तपत्राने आणि मतदारांनी.

प्रवाहवाचक

आता शेवटची शंका. आज याच नद्यांवर कायदेशीर कॅसिनो आहेत. आयोवाने बोटींवर जुगार सुरू केला तेव्हा जुन्या धंद्याचीच पुनरावृत्ती होईल अशी भीती कोणाला वाटली नाही का?

उत्तर: जमाखर्च

भीती होती, आणि म्हणूनच आयोवाचा पहिला कायदा इतका सावध होता. १ एप्रिल १९९१ रोजी डॅव्हनपोर्ट आणि शेजारच्या बेटेनडॉर्फहून पहिल्या बोटी निघाल्या, तेव्हा एका डावाला ५ डॉलर आणि एका फेरीत जास्तीत जास्त २०० डॉलर तोटा अशी मर्यादा होती. मालकांची कसून तपासणी होत होती, दररोजचा हिशेब राज्याकडे जात होता. मला हा फरक मोठा वाटतो. पूर्वी पैसा पोलीसप्रमुखाच्या टेबलाखालून जात होता आणि कोणी किती घेतले हे खून झाल्यावर किंवा खटला उभा राहिल्यावरच कळत होते. आता तो अर्थसंकल्पात छापला जातो आणि त्यावर कोणालाही जाब विचारता येतो.

परंतु तिजोरीचे अवलंबन मात्र राहिले, आणि सरहद्दीचा खेळही राहिला. सप्टेंबर १९९१ मध्ये इलिनॉयने ॲल्टनहून आपली बोट सोडली, जिच्यावर अशी मर्यादा नव्हती. १९९२ मध्ये मिसिसिपी राज्याने दक्षिणेत दार उघडले, तेव्हा बेटेनडॉर्फची ‘डायमंड लेडी’ नांगर उचलून बिलॉक्सीला निघून गेली आणि शहराचा हिशेब कोलमडला. नगरपालिकांनी दडपण आणले, आणि १९९४ मध्ये आयोवाने पैजेची आणि तोट्याची अशा दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. इलिनॉयने १९९९ मध्ये बोटीने प्रत्यक्ष फेरी मारण्याची अटही रद्द केली. त्यानंतर त्या काठाला बांधलेल्याच राहू लागल्या.